आधी चुना, मग ड्रोन

ड्रोन येण्याआधी गावात चुना येतो. घमेल्यात, बादलीत, कधी पत्र्याच्या डब्यात. घर, परसदार, गोठा, मोकळी जागा यांच्या कडेकडेने पांढरी रेघ ओढली जाते. भूमी अभिलेख खात्याचा भूमापक उभा असतो, ग्रामसेवक असतो, घरमालक असतो आणि शेजारीही असतोच, कारण ती रेघ त्याच्याही हद्दीला लागून जाते. दोघांचं एकमत झालं की रेघ पक्की. मग कधीतरी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या जागेतून ड्रोन वर चढतो आणि नांगराच्या तासासारखा या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत शेकडो फोटो घेतो. त्या फोटोंत घरांची छपरं दिसतात आणि छपरांभोवती चुन्याच्या रेघा.

ही स्वामित्व योजनेची पद्धत. देशभर ती २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली, पण महाराष्ट्रात गावठाणाची ड्रोनने मोजणी त्याआधीच सुरू झाली होती. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातलं सोनोरी हे त्यातलं पहिलं गाव. उड्डाण सर्व्हे ऑफ इंडियाचं, चौकशी भूमी अभिलेखची. फोटोंवरून नकाशा तयार होतो, तो गावात परत येतो, चावडीवर हरकती ऐकल्या जातात, दुरुस्त्या होतात आणि शेवटी घरमालकाच्या हातात सनद आणि मिळकत पत्रिका पडते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरात राहिलो त्याचा सरकारी कागद पहिल्यांदा हाती आल्याचा आनंद खेड्यातल्या माणसालाच समजतो.

या सगळ्यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ड्रोन नाही, त्याच्या आधीचा चुना आणि नंतरची चावडी आहे. आकाशातून काढलेलं चित्र लोकांच्या साक्षीने सुरू झालं आणि लोकांपुढेच परत आलं. भारतात गेली शंभर वर्षं विमानांतून, उपग्रहांतून, आता ड्रोनमधून जमिनीचे असंख्य फोटो काढले गेले. त्यातले फार थोडे त्या जमिनीवर राहणाऱ्यांपर्यंत पोचले. दुर्गम डोंगर आणि खाणींच्या पट्ट्यात तर हे अंतर फारच मोठं आहे.

ते अंतर नीट समजून घ्यायचं तर गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला जावं. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं केशोरी हे गाव तिखट, लालभडक मिरचीसाठी पूर्व विदर्भात ओळखलं जातं. गावाच्या पलीकडे जंगल, जंगलापलीकडे गडचिरोली जिल्ह्याची हद्द. जवळच गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, गोठणगावजवळची तिबेटी निर्वासितांची वसाहत आणि थोडं दूर नवेगावबांधचा जुना, विस्तीर्ण तलाव. कितीतरी वर्षं हा भाग नक्षलग्रस्त म्हणूनच बातम्यांत येत राहिला. त्यामुळे इथलं सृष्टिवैभव बाहेरच्यांनी पाहिलं कमी आणि त्याबद्दल भीतीच जास्त ऐकली.

शे-सव्वाशे मीटर उंचीवरून हा मुलूख पाहिला तर आधी नजरेत भरतात त्या धानाच्या बांध्या. चौकोनी नाहीत, गोल नाहीत. उताराप्रमाणे वळत गेलेल्या, एकीच्या खाली दुसरी अशा बसवलेल्या. प्रत्येकीला मातीचा धुरा. जूनमध्ये बहुतेक बांध्या तपकिरी असतात आणि मध्येच एखादा तुकडा पोपटी, तो पऱ्ह्यांचा, म्हणजे धानाच्या रोपांचा. जुलैत रोवणी सुरू झाली की पाणी भरलेल्या बांध्यांत आभाळ उतरतं आणि सगळं शिवार फुटलेल्या आरशासारखं चमकतं. भाद्रपदात धुरेही हिरवाईत बुडतात. कापणीनंतर जमीन उघडी पडायला हवी, पण इथे पुष्कळ ठिकाणी हिरवी झाक उरते. उभ्या धानातच फेकलेली लाखोरी (एक कडधान्य) जमिनीतल्या ओलीवर वाढत असते. ज्याला हे ठाऊक नाही, तो डिसेंबरचा फोटो पाहून कुठल्याशा सिंचनाचा निष्कर्ष काढील. ठाऊक असणारा म्हणेल, ही लाखोरी.

आता बांध्यांवरून नजर थोडी वरच्या अंगाला न्यावी. दोन टेकड्यांच्या मध्ये झाडांनी भरलेली वाकडी गडद रेघ दिसते. ती तलावाची पाळ. तिच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पंख्यासारख्या पसरलेल्या बांध्या. पाळीवरून चालणाऱ्याला हा पंखा दिसत नाही. त्याला दिसते वाट, मोहाची झाडं आणि पाणी. वरून मात्र कळतं की या तलावाचा सांडवा जिथे सुटतो तिथून निघालेला ओहोळ खालच्या दुसऱ्या तलावात शिरतो, त्याचा सांडवा तिसऱ्यात. मध्ये लहानलहान बोड्या, म्हणजे छोटी तळी. सगळे मिळून पावसाचं पाणी अडवत, जिरवत, पुढे देत खाली नेणारी साखळी. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणत्यांनी अशी कामं उभी केली. नवेगावबांधच्या तलावाचा निर्माता म्हणून कोलू पाटील कोहळी याचं नाव आजही घेतलं जातं. त्यांच्याकडे विमान नव्हतं, नकाशाही नव्हता. पावसात रान तुडवत, वाहत्या पाण्यामागे चालत त्यांनी हा उतार डोक्यात मांडला होता. हवाई फोटो पाहून आजचा अभियंता थक्क होतो तो याच कारणाने.

१९५१मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना नाव पडलं मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजार गेला तशी डागडुजीची पद्धतही गेली. गाळ साचला, तुडूम (पाणी सोडायच्या मोऱ्या) बुजले, काठाने बेशरम माजली. वरून काढलेल्या फोटोत बेशरमची झुडपं छान हिरवी दिसतात. अनोळखी माणसाला वाटेल, काय सुंदर काठ आहे! ढिवर समाजातल्या मच्छिमाराला त्याच फोटोत मासळी गेलेली दिसते. याच तालुक्यात ढिवरांनी बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्याचं कष्टाचं काम केलं आहे. त्या तलावांचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवले तर वरून दिसणारा हिरवा रंग उलट कमी झालेला भरेल आणि तरी तलाव सुधारलेला असेल. हवाई फोटो वाचायला शिकणं म्हणजे नेमकं हेच. रंग फोटो सांगतो, त्याचा अर्थ गाव सांगतं.

वाचण्याची ही विद्या जुनी आहे. १८५८मध्ये फ्रान्समध्ये नादार या छायाचित्रकाराने बलूनमधून जमिनीचे फोटो काढले. ते टिकले नाहीत. अमेरिकेत जेम्स वॉलेस ब्लॅक याने १८६०मध्ये बोस्टन शहराचा बलूनमधून काढलेला फोटो मात्र आजही आहे. त्या काळी हिंदुस्थानात मोजणी जमिनीवरूनच चाले. देशाची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३मध्ये विदर्भातच, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथे आहे. साखळी ओढत, मनोऱ्यावरून मनोऱ्याकडे दुर्बीण रोखत त्याची माणसं हजारो मैल हिंडली. पुढे १९२४च्या सुमारास ब्रह्मदेशातल्या इरावतीच्या मुखाकडच्या जंगलांची विमानातून पाहणी झाली आणि ज्या दलदलीत माणसाला पुढे सरकणं कठीण होतं, तिची चित्रं मापकांच्या टेबलावर येऊ लागली. डोंगर आणि जंगलासाठी विमान हाच सोपा रस्ता ठरला.

पण सपाट फोटोवरून डोंगराची उंची कशी कळते? त्याचं उत्तर आपल्या दोन डोळ्यांत आहे. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला की चुकतं, कारण खोली कळायला दोन जागांवरून पाहावं लागतं. विमान पुढे सरकत असताना कॅमेरा एकामागून एक फोटो घेतो आणि प्रत्येक फोटोचा निम्म्याहून अधिक भाग आधीच्या फोटोतही असतो. तीच टेकडी दोन जागांवरून टिपली जाते. पूर्वी असे दोन फोटो शेजारी ठेवून स्टिरिओस्कोप नावाच्या भिंगांच्या चौकटीतून पाहत. क्षणभर सगळं धूसर दिसतं आणि मग एकदम टेकडी कागदातून वर उठते, दरी आत जाते. डेहराडूनला १९६६मध्ये नेदरलँड्सच्या मदतीने हवाई फोटो वाचायला शिकवणारी संस्था निघाली, तेव्हा विद्यार्थ्यांचं पहिलं शिक्षण या भिंगांवरच होई. आज तेच काम संगणक करतो. ड्रोनचे शेकडो फोटो तो एकमेकांशी जुळवतो, हजारो समान ठिपके शोधतो आणि प्रत्येक ठिपक्याची उंची काढतो. फक्त त्याला जमिनीवर काही पक्क्या खुणा द्याव्या लागतात, ज्यांचं स्थान जीपीएसच्या अचूक यंत्राने आधीच मोजलेलं असतं. चुन्याची रेघ इथेही सुटत नाही. अशा खुणा पुष्कळदा चुन्याने किंवा रंगानेच आखलेल्या असतात.

फोटोत डोळ्याला न दिसणारंही पकडता येतं. १९७०मध्ये केरळात नारळाच्या झाडांना ‘रूट विल्ट’ हा रोग लागला होता. पिशारोथ राम पिशारोटी यांच्या चमूने हेलिकॉप्टरमधून अवरक्त किरण टिपणाऱ्या फिल्मवर नारळीच्या बागांचे फोटो घेतले. निरोगी पान अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं, आजारी पान कमी. खालून हिरवीगार वाटणारी झाडं फोटोत वेगळ्या रंगात उमटली आणि रोगाचा पसारा कळला. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात त्या प्रयोगापासून मानतात. आज जंगलाची घनता, पिकाची तहान, तलावातलं शेवाळ यांचा अंदाज घेतात तो याच तत्त्वावर.

खाणींकडे वळलं की या विद्येला वजन येतं, शब्दशः.

नागपूर हे या बाबतीत देशाचं महत्त्वाचं ठाणं आहे. इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सचं मुख्यालय तिथे, मँगनीज काढणाऱ्या मॉइलचं तिथे, वेस्टर्न कोलफील्ड्सचं तिथे आणि उपग्रहचित्रं अभ्यासणारं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही तिथेच. ऑक्टोबर २०१६मध्ये केंद्र सरकारने खाणींवर उपग्रहातून नजर ठेवणारी यंत्रणा सुरू केली. खाणपट्ट्याच्या हद्दीबाहेर ५०० मीटरपर्यंत जमिनीत काही संशयास्पद बदल दिसला की ती इशारा देते आणि मग अधिकारी प्रत्यक्ष जाऊन पाहतात. त्यानंतर नोव्हेंबर २०२१मध्ये खनिज संवर्धन आणि विकास नियमांत दुरुस्ती झाली. वर्षाला १० लाख टन किंवा अधिक उत्खननाचा आराखडा असलेल्या किंवा ५० हेक्टर अथवा त्याहून मोठा पट्टा असलेल्या खाणमालकाला आता दरवर्षी ड्रोनने आपल्या खाणीचे फोटो काढून द्यावे लागतात. पट्ट्याचे आणि त्याबाहेरच्या १०० मीटरचे. लहान खाणींनी उपग्रहचित्रं द्यायची. हे सगळं जातं ब्यूरोकडे.

या फोटोंतून काय निघतं याचा साधा हिशेब करून पाहावा. गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या फोटोंवरून जमिनीच्या उंचीचे दोन साचे तयार केले आणि एकातून दुसरा वजा केला, तर किती खोदलं ते घनमीटरमध्ये मिळतं. एक हेक्टर जागा सरासरी एक मीटर खाली गेली असेल तर १०,००० घनमीटर माल निघाला. चांगल्या लोहखनिजाचा घनमीटर तीन टनांच्या वर भरतो. म्हणजे ३०,००० टनांहून जास्त, म्हणजे २५ टनी ट्रकच्या १,२००हून जास्त खेपा. वाहतुकीच्या पासांवर खेपा कमी आणि जमिनीत खड्डा मोठा असेल, तर प्रश्न विचारायला पुरेसा पुरावा झाला. रेतीघाटांनाही हाच हिशेब लागू पडतो. वैनगंगेच्या काठच्या माणसाला रात्रीचे ट्रॅक्टर ऐकू येतात. पण किती रेती गेली हे सिद्ध करायला नदीच्या पात्राचे पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे मोजलेले फोटोच लागतात.

पूर्व विदर्भातल्या तीन खाणींचं रूप वरून तीन तऱ्हांचं. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातली डोंगरी बुजुर्ग ही मँगनीजची उघडी खाण, जिच्यातलं खनिज कोरड्या बॅटऱ्यांसाठी वापरलं जातं. काळपट पायऱ्यांची ती विहीर वाटते. चंद्रपूर आणि वणीकडच्या कोळशाच्या खाणींत खड्ड्यापेक्षा शेजारचे डोंगर मोठे दिसतात. हे डोंगर निसर्गाने केलेले नाहीत. कोळशावरची माती आणि दगड काढून रचलेले ते ढिगारे. तिकडे लहान पोरंही त्यांना ओबीचे (ओव्हरबर्डनचे) डोंगर म्हणतात. कोल इंडिया २००८पासून उपग्रहचित्रांवरून मोठ्या उघड्या खाणींची दरवर्षी पाहणी करते आणि किती ढिगारे हिरवे झाले, किती जागा अजून उघडी आहे ते मोजते. तिसरं ठिकाण गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातलं सुरजागड. ३४८ हेक्टरांचा लोहखनिजाचा पट्टा २००७मध्ये दिला गेला. डिसेंबर २०१६मध्ये माओवाद्यांनी तिथली सत्तरहून अधिक वाहनं जाळली, काम थांबलं. २०२१पासून ते मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. दाट हिरव्या जंगलात उघडा पडलेला तांबडा माथा आणि त्याच्यापासून निघालेली तांबडी वाट, असं आजचं हवाई चित्र आहे. त्याच डोंगरावर माडिया गोंडांचं ठाकूरदेवाचं ठाणं आहे, तिथे जानेवारीत यात्रा भरते. फोटोत ते वेगळं ओळखू येत नाही. कुणीतरी बोट ठेवून दाखवावं लागतं.

अशी चित्रं सुंदर असतात, हे टाळून चालणार नाही. बंद खाणीत साठलेलं निळं-हिरवं पाणी, पायऱ्यांची वर्तुळं, राखेच्या तळ्यातल्या करड्या लहरी! कॅनडाचे एडवर्ड बर्टिन्स्की यांनी जगभरच्या खाणींची अशी छायाचित्रं मोठ्या आकारात मांडली आहेत. फ्रान्सचे यान आर्थस-बर्त्रां यांनी हेलिकॉप्टरमधून पृथ्वीचं दर्शन घडवणारं पुस्तक १९९९मध्ये काढलं आणि ते देशोदेशी गेलं. मराठी माणसालाही या नजरेची ओळख आहे. भारतीय नौदलातले छायाचित्रकार गोपाळ बोधे यांनी मुंबई, कोकण किनारा आणि दीपगृहं वरून टिपली. उद्धव ठाकरे यांच्या २०१०च्या ‘महाराष्ट्र देशा’ या पुस्तकाने गडकिल्ल्यांची तटबंदी किती लांब आणि कशी वळत जाते हे घरबसल्या दाखवलं. गडावर दहादा गेलेल्यांनाही ती चित्रं पाहून आपला गड नव्याने भेटला.

गड आणि खाण यांत फरक आहे. गडाचा फोटो स्थळ-काळाविना भिंतीवर लावला तरी चालतो. खाणीचा फोटो तारीख, ठिकाण आणि उंची यांच्याशिवाय लावला तर ती नुसती रांगोळी होते आणि त्या खड्ड्याशेजारी राहणाऱ्यांवर अन्याय होतो. धूळ फोटोत येत नाही. सुरुंगाचा हादरा येत नाही. विहिरीचं पाणी किती खाली गेलं तेही नाही. म्हणून अशा प्रत्येक चित्राखाली शेजारच्या गावातल्या माणसाचे दोन शब्द असलेच पाहिजेत.

फोटो होते, पण ज्यांना हवे होते त्यांना त्यातलं कळलं नाही, याचं सगळ्यात दुःखद उदाहरण ब्राझीलचं आहे. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्रुमाजिन्यो गावाजवळ लोहखनिजाच्या खाणीतला गाळ अडवणारा बांध फुटला आणि २७० माणसं गेली. नंतर शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या जुन्या रडार प्रतिमा तपासल्या, तेव्हा फुटण्याआधीच्या आठवड्यांत बांध सरकत असल्याच्या खुणा त्यांत सापडल्या. मिलिमीटरांच्या त्या हालचाली आकाशात नोंदल्या जात होत्या आणि बांधाखालच्या उपाहारगृहात खाणकामगार दुपारचं जेवत होते.

ड्रोन स्वस्त झाले तेव्हा वाटलं, आता गावंच आपले फोटो काढतील. काही अंशी ते खरं आहे. २५ ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांनी पूर्वीची परवान्यांची जंत्री बरीच कमी केली. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन आणि व्यवसायासाठी नसेल तर दोन किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन उडवायला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत उड्डाणाची मोकळीक आहे. शंभर मीटरवरून साध्या चांगल्या कॅमेऱ्यातला एक ठिपका जमिनीवरच्या जेमतेम तीन सेंटिमीटरांएवढा असतो. वाळत घातलेल्या मिरचीचा लाल पट्टाच काय, त्याच्या शेजारची चप्पलही ओळखू येते. पण केशोरीसारख्या ठिकाणी आधी पोलीस ठाण्यात जाऊन सांगावं लागेल, हे उघड आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पावर वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन नेता येत नाही आणि ते योग्यच आहे. गोंदिया हा महाराष्ट्रात सारस पक्षी उरलेल्या मोजक्या जिल्ह्यांपैकी आहे. धानाच्या बांधीत अंड्यांवर बसलेल्या सारसाच्या डोक्यावर यंत्र घोंघावत नेऊन काढलेला फोटो कितीही देखणा असला, तरी तो काढू नये.

आणि प्रत्येक वेळी ड्रोन लागतोच असंही नाही. अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह १९७२पासून पृथ्वीचे फोटो काढत आले आहेत आणि २००८पासून ते सगळ्यांना फुकट आहेत. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह २०१५पासून आहेत आणि आता साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात. त्यांचीही चित्रं फुकट. त्यांचा एक ठिपका दहा मीटरांचा, म्हणजे लहानशी बांधी एका ठिपक्यात मावते. इस्रोचं भुवन संकेतस्थळ २००९पासून आहे. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं पाहायची सोय आहे. मोबाइल आणि थोडा धीर असलेला गावातला कोणताही मुलगा किंवा मुलगी आपल्या तलावाची वीस वर्षं मागे जाऊन पाहू शकते. त्यात वेळ महत्त्वाची. मे महिन्यात धूळ आणि वणव्यांचा धूर असतो, पावसाळ्यात ढग. विदर्भासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. आभाळ धुतलेलं, तलाव भरलेले, तिरप्या उन्हात धुऱ्यांच्या सावल्या ठळक. पण तलावातला गाळ पाहायचा असेल तर मे महिन्याचाच फोटो हवा, कारण तेव्हाच तळ उघडा पडतो.

चित्र हातात असलं की ग्रामसभेचं बोलणं बदलतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये, देशात सगळ्यांत आधी, सामूहिक वनहक्क मिळाला तो सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर. अशा दाव्यांना हद्द दाखवणारा नकाशा जोडावा लागतो. पूर्वी म्हातारी माणसं हद्दीने चालत जायची आणि नाला, दगड, देवाचं झाड यांची नावं सांगायची. आज त्याच वाटेने चालताना हातात जीपीएस असतो आणि मागाहून ती रेघ उपग्रहचित्रावर मांडली जाते. अर्जुनी मोरगाव, देवरी, सडक अर्जुनी या तालुक्यांतल्या गावांनीही असे हक्क मिळवले आहेत. ज्या गावाने आपली हद्द एकदा स्वतः चालून आखली, त्याला त्या चित्रातला प्रत्येक ठिपका नावाने ठाऊक असतो.

केशोरीपासून पूर्वेकडे गडचिरोलीची हद्द ओलांडून पुढे गेलं की कोरची तालुका लागतो. तिथल्या झेंडेपारच्या डोंगरात लोहखनिज आहे आणि त्याच्या खाणीला आसपासच्या ग्रामसभा अनेक वर्षं विरोध करत आल्या आहेत. डोंगरावर रावपाट गंगारामाचं ठाणं आहे. खाली मोह, तेंदू, बांबू आणि डोंगरातून येणाऱ्या पाण्यावरची शेती. खाण व्हावी की नाही, हा निर्णय व्हायचा तेव्हा होईल. पण आज तो डोंगर अजून हिरवा आहे, म्हणून आजच त्याचे फोटो काढून ठेवायला हवेत, आणि ते ग्रामसभेने काढावेत. एक ऑक्टोबरातला, झरे वाहत असताना. एक मे महिन्यातला, कुठला झरा टिकला ते दाखवणारा. सोबत गावातल्या चारचौघांनी बसून प्रत्येक ओहोळाला त्याचं नाव लिहावं, तो कुठल्या बोडीत जातो ते लिहावं, कुणाच्या बांध्या त्यावर पिकतात ते लिहावं. नियमाप्रमाणे खाणीचा ड्रोन पट्ट्याबाहेर १०० मीटरपर्यंत पाहतो, उपग्रहाची देखरेख ५०० मीटरपर्यंत. डोंगरावरून उतरणारं पाणी त्याच्या कितीतरी पुढे जातं.